ठाण्याच्या गॅलरीत ब्लूबेरी: आपला पाऊस सोसणारी जात कशी निवडायची

श्रावणातल्या एका सकाळी गॅलरीतल्या ब्लूबेरीचं पान सहज उलटून पाहिलं आणि अंगठ्याला हळदीसारखी पूड लागली. वरून पान बरं दिसत होतं, चारदोन तांबूस ठिपके तेवढे होते. खालच्या बाजूला मात्र मोहरीहून बारीक, पिवळट-नारिंगी फोड दाटीनं उठले होते आणि बोट लागताच फुटत होते. तो तांबेरा होता, पानांवर येणारा बुरशीचा रोग. पंधरा दिवसांत त्या झाडाची निम्मी पानं गळाली. दोन हातांवर दुसरं झाड होतं, त्याच दिवशी त्याच नर्सरीतून आणलेलं. त्याच्या मोजून सहा-सात पानांवर ठिपके आले आणि तिथेच थांबले. कुंडी सारखीच, पाणी तेच, पाऊसही तोच. फरक होता जातीचा. पहिलं झाड ज्वेल, दुसरं एमराल्ड.

तोवर मी ‘ब्लूबेरी’ हे एकच झाड समजत होते. त्या पावसाळ्यानंतर जातींच्या नावांचा नाद लागला. ठाण्यात किंवा नवी मुंबईत गॅलरीत, गच्चीवर पहिल्यांदाच ब्लूबेरी लावणाऱ्यांना मी आता एकच सांगते. फळ केवढं येतं, गोड किती लागतं, हे नंतर विचारा. आपल्या चार महिन्यांच्या पावसात या जातीची मुळं आणि पानं टिकतील का, हे आधी विचारा. ते कसं ओळखायचं आणि झाड हाती आल्यावर काय करायचं, ते क्रमानं लिहिते.

पहिली पायरी: आपल्याकडे थंडी नाही, हे मान्य करा

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेतली. रानात वेचल्या जाणाऱ्या या फळाची लागवड बसवली ती फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी. त्यांच्या लागवडीतलं फळ १९१६ साली बाजारात आलं. या झुडपाला आम्लधर्मी जमीन लागते, हे कोव्हिलनंच दाखवून दिलं होतं. तिथल्या जुन्या जातींना फुलण्याआधी थंडीची झोप हवी असते. साधारण ७ अंशांखाली किती तास गेले ते मोजतात आणि त्याला थंडीचे तास म्हणतात. उत्तरेकडच्या हायबुश, म्हणजे उंच झुडपाच्या, जातींना असे ८०० ते १००० तास लागतात. ठाण्यात पारा १५-१६ वर आला तरी आपण कपाटातून स्वेटर काढतो. ७ अंश इथे दिसतच नाहीत, म्हणजे आपले थंडीचे तास शून्य.

म्हणून ब्लूक्रॉप, ड्यूक, एलियट ही नावं कितीही मोहात पाडणारी असली तरी ती इथे घेऊ नका. एलियट फळांवरच्या करप्याला चांगली दाद देत नाही, असं वाचायला मिळेल आणि ते खरंही आहे. पण जे झाड इथे धड फुलणारच नाही, त्याच्या फळाचा करपा टळला काय आणि न टळला काय!

रॅबिटआय नावाचा दुसरा गट आहे. मूळकुजीपुढे तो बऱ्यापैकी चिवट असतो, उन्हाळाही सोसतो. पण त्यालाही काहीशे तास थंडी लागते, शिवाय परागणासाठी त्याच गटातली दुसरी जात शेजारी हवी. मला तो इथे नवख्यांच्या कामाचा वाटत नाही.

उरतो तो सदर्न हायबुश, म्हणजे दक्षिणी हायबुश गट. उत्तरेकडची हायबुश आणि फ्लोरिडाकडची सदाहरित रानटी ब्लूबेरी यांच्या संकरातून तो तयार झाला. बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू, एमराल्ड, ज्वेल ही सगळी याच गटातली. यांचं थंडीवाचून फारसं अडत नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. थंड प्रदेशात ब्लूबेरी हिवाळ्यात सगळी पानं टाकते आणि वसंतात नव्या पालवीनं सुरुवात करते. गळलेल्या पानांबरोबर बराचसा रोगही जातो. आपल्याकडे थंडी नसल्यामुळे झाड झोपत नाही. पावसाळ्यात आलेली पानंच दिवाळीनंतर फुलांना आणि पुढे होळीपर्यंत फळांना पोसतात. त्या पानांवर तांबेरा असेल तर तोही झाडासोबत वर्षभर मुक्काम करतो. भाद्रपदात पानं गळून झाड उघडं पडलं की माघात फळ नाही, असा हा थेट हिशोब आहे. म्हणून परदेशी रोपवाटिकेच्या यादीत पानांच्या रोगांचा रकाना अगदी शेवटी दिसला तरी आपल्याला तो सगळ्यात आधी वाचायचा असतो.

दुसरी पायरी: कोणत्या रोगाला घाबरायचं, ते ठरवा

ब्लूबेरीच्या रोगांची यादी लांबलचक आहे आणि नवखा माणूस ती वाचूनच हबकतो. त्यातला बराच भाग आपण बाजूला ठेवू शकतो. तिकडे ज्याची फार धास्ती घेतात, त्या ‘ममी बेरी’ रोगात फळं सुकून दगडासारखी होतात. त्या बुरशीला पुढच्या वर्षी उठायला लांब थंडी लागते, त्यामुळे तो आपल्या वाट्याला येणारा नव्हे.

आपल्या वाट्याला तीन येतात: मूळकूज, तांबेरा आणि फांदीमर.

मूळकूज आणतो तो फायटॉप्थोरा. त्याची *सिनॅमोमी* ही प्रजाती सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवर पहिल्यांदा ओळखली गेली, नाव त्यावरूनच पडलं. आमच्या समोरच्या विंगमधल्या काकांची श्रीवर्धनकडे सुपारीची वाडी आहे. मी त्यांना हे सांगत होते, तर ते म्हणाले, “अगं, म्हणजे आमच्या कोळेरोगाचाच भाऊबंद की हा!” अगदी बरोबर. सुपारीचा कोळेरोगही फायटॉप्थोराच्याच एका प्रजातीमुळे होतो आणि तोही धो-धो पावसातच. या जिवाचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. कुंडीत पाणी साचून राहिलं की त्यांना मुळापर्यंत जायला वाट मिळते. त्यातून ब्लूबेरीच्या मुळांना केसमुळं नसतात. मुळं बारीक, दोऱ्यांसारखी आणि वरच्या थरात पसरलेली. ती एकदा सडायला लागली की झाडाकडे दुसरी सोय नाही.

आणखी एक महत्त्वाचं. फायटॉप्थोरा बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नाही. खतांच्या दुकानात ‘बुरशी आहे’ म्हटलं की बहुतेक वेळा कार्बेन्डाझिमची पुडी हातात पडते. ते औषध या रोगावर चालत नाही. मी एका झाडावर ते तीनदा ओतलं. त्यात महिना गेला आणि शेवटी झाडही गेलं.

तांबेऱ्याचं वर सांगितलंच. त्याच्याच जोडीला पावसात पानांवर तपकिरी-करड्या ठिपक्यांचे रोग येतात. नाव काहीही असो, पान जास्त वेळ ओलं राहिलं की ते पसरतात आणि शेवटी पान गळतं.

तिसरी फांदीमर. ही बुरशी जखमेतून शिरते. छाटणीची टोकं, वाऱ्यानं घासलेली साल, तारेनं आवळलेली फांदी, सगळी तिची दारं. झाड हिरवंगार असतं आणि एकच फांदी दोनचार दिवसांत वाळते. पानं तपकिरी होऊन तशीच लटकत राहतात, गळत नाहीत. या लटकत्या पानांवरूनच ती ओळखायची.

एक चौथाही आहे, फक्त सावध करण्यापुरता. वांगी-टोमॅटोवर येणारा जिवाणूजन्य मर रोग कोकणात नवा नाही. फ्लोरिडात तो अलीकडे ब्लूबेरीवरही सापडला आहे. म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची काढलेल्या कुंडीतलं मिश्रण ब्लूबेरीला पुन्हा वापरू नका.

तिसरी पायरी: जातीचं नाव आणि तिचा स्वभाव

आधी दोन शब्द समजून घ्या. ‘प्रतिकारक’ म्हणजे रोग येतच नाही असं नव्हे. तो कमी येतो, हळू पसरतो, झाड त्याला आवर घालतं. ‘सहनशील’ म्हणजे रोग येतो, दिसतोही, तरी झाड फळ देत राहतं. सहनशील झाड शेजारच्या नाजूक झाडाला रोग देऊ शकतं, हे विसरू नका. आणि ‘अमुक जात रोगाला प्रतिकारक आहे’ असं कुणी म्हटलं की लगेच विचारा, कोणत्या रोगाला? सगळ्या रोगांना पुरून उरणारी जात नसते. आपल्या हापूसला साका धरतो, म्हणजे आतला गर खराब होतो, म्हणून नीलमशी संकर करून रत्ना काढला, तो साक्यातून सुटला. म्हणून त्याच्यावर तुडतुडे येत नाहीत असं नाही ना! इथेही तसंच.

एमराल्ड: नवख्या माणसानं एकच झाड घ्यायचं असेल तर मी हीच सांगेन. झाड दणकट, मूळकूज आणि फांदीमर या दोन्हींना मध्यम प्रतिकार, तांबेऱ्यापुढेही ज्वेलपेक्षा पुष्कळ बरी. फळ मोठं. आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही, शोधावी लागते.

बिलॉक्सी: आपल्याकडे ब्लूबेरी म्हणून बहुतेक वेळा हीच मिळते. मिसिसिपीतल्या पॉपलरव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेली ही जात १९९८ साली बाहेर आली आणि थंडी नसलेल्या देशांमध्ये झपाट्यानं पसरली. उभी वाढते, थंडीवाचून फुलते, रोप सहज मिळतं. पण तिच्यावर तांबेरा येतो. मेक्सिकोत तो बिलॉक्सीवर नोंदला गेला आहे आणि मलाही तो दर पावसाळ्यात दिसतो. तरी मी ती ठेवली आहे, कारण पानं गळाली तरी गणपती आटोपेपर्यंत नवी पालवी फेकण्याची धमक तिच्यात आहे. बिलॉक्सी घेतलीत तर तिची जागा छताखाली ठरवूनच घ्या.

ज्वेल: फळ अतिशय सुंदर, आंबटगोड. पण पावसाळा संपत येताना तांबेरा तिला हमखास गाठतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, हात बसल्यावर आणा.

मिस्टी: हिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मिळायला सोपी, दिसायला देखणी आणि नवख्यांची फसगत हीच सगळ्यात जास्त करते. मिस्टी फांदीमरीला फार लवकर बळी पडते. शिवाय तिला आवर घालणं माहीतच नाही. छोट्याशा झाडावर इतकी फुलं काढते की पानं यायला जागा उरत नाही, आणि थकलेल्या झाडात फांदीमर आणखी लवकर शिरते. माझी मिस्टी पहिल्या वर्षी फुलांनी पांढरीशुभ्र झाली होती. शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवली. मे महिन्यात तिची एक फांदी वाळली, जुलैपर्यंत अर्धं झाड. मिस्टी ठेवायचीच असेल तर पहिली दोन वर्षं निम्म्याहून जास्त फुलकळ्या चिमटून टाका. जीव तुटतो, पण टाका.

शार्पब्लू: यांच्यात सगळ्यात जुनी, फ्लोरिडा विद्यापीठाची. उष्ण भागात फुलते आणि थोडीथोडी वर्षभर फुलत राहते. फळ मऊ, झाडावरून तोंडात टाकायचं.

माझा सल्ला, दोन वेगळ्या जाती घ्या. या गटातली झाडं एकटी असली तरी फळतात, पण दुसरी जात शेजारी असेल तर फळ मोठं आणि लवकर येतं. शिवाय एका जातीला रोगानं गाठलं तरी दुसरी हाताशी राहते. एमराल्ड आणि बिलॉक्सी ही जोडी मला ठाण्यासाठी पटते.

चौथी पायरी: नर्सरीत डोळे उघडे ठेवा

“ताई, ब्लूबेरी म्हणजे ब्लूबेरी, त्यात जात कसली?” हे मला एका नर्सरीत ऐकायला मिळालं आहे. तिथून रिकाम्या हातानं निघा. जातीचं नाव माहीत नसेल तर वर जे सांगितलं त्यातलं काहीच कामाला येत नाही.

नाव मिळालं की झाड हातात घ्या आणि पाच-सहा पानं उलटी करून पाहा, खासकरून खालची जुनी पानं. नारिंगी पूड दिसली की झाड परत ठेवा. मग खोड मातीला टेकतं तिथे पाहा. साल सुरकुतलेली, काळपट किंवा चिरलेली नको. शेवटी, विक्रेत्याची परवानगी घेऊन पिशवी किंचित सरकवून मुळं बघा. चांगली मुळं पांढरट ते फिकट बदामी असतात आणि त्यांना पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. चहापत्तीच्या चोथ्यासारखी काळी, चिमटीत धरली तर वरचं साल मोज्यासारखं निघून येणारी मुळं म्हणजे मूळकूज. असं झाड फुकट मिळालं तरी घरी आणू नका.

टिश्यू कल्चरचं रोप मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या. ते निर्जंतुक सुरुवातीतून आलेलं असतं, म्हणून निदान रोग विकत घेतला जाण्याची शक्यता कमी. कोणतंही झाड घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. खरेदीला दसऱ्यानंतरचा काळ उत्तम. पाऊस सरलेला असतो आणि पुढच्या पावसापर्यंत झाडाला मुळं धरायला आठ महिने मिळतात. जून-जुलैमध्ये, वनमहोत्सवाच्या उत्साहात, मुळीच आणू नका.

पाचवी पायरी: कुंडी आणि मिश्रण

प्रतिकारक जातही साचलेल्या पाण्यात मरते. जात निवडून अर्धं काम होतं, उरलेलं अर्धं कुंडीत असतं.

ब्लूबेरीला पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, ४.५ ते ५.५ लागतो (७ हून कमी म्हणजे आम्लधर्मी). घाटावरची काळी माती याच्या नेमकी उलट, अल्कधर्मी, ती नकोच. कोकणातली तांबडी माती आम्लधर्मी असते हे खरं, पण कुंडीत ती पावसानं घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून मी माती अजिबात घालत नाही. दोन भाग कोकोपीट, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि एक भाग परलाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे. परलाइट महाग वाटलं तर भाताचं तूस चालतं, रायगडकडून येणाऱ्या कुणालाही सांगा. कोकोपीटमध्ये मीठ असतं आणि ब्लूबेरीला खारटपणा सोसत नाही. ते भिजवून, पिळून, पाणी टाकून, असं निदान तीनदा धुवा. चुना, राख, अंड्याची टरफलं यांतलं काहीही या कुंडीत घालायचं नाही.

कुंडीच्या मापात बहुतेक जण चुकतात. “पुढे वाढणारच आहे” म्हणून एवढंसं रोप मोठ्या ड्रममध्ये लावतात. छोट्या मुळांना एवढ्या मिश्रणातलं पाणी शोषता येत नाही, ते आठवडाभर ओलं राहतं आणि फायटॉप्थोराची सोय होते. ८-१० इंचांपासून सुरुवात करा, वर्षभरानं १२-१४ आणि मग १८ इंच. कुंडी दोन विटांवर चढवा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतात. खालची ताटली मे अखेरीस काढून माळ्यावर टाका.

सहावी पायरी: पाणी

नळाचं पाणी पीएच ७ च्या वर असतं, रोज ओतलं की हळूहळू मिश्रणाचा पीएच चढतो. पीएचच्या पट्ट्या आणा. बादलीभर पाण्यात लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, चिमूटभर टाका, ढवळा, मोजा. ५.५ च्या आसपास आलं की थांबा. किती लागतं ते तुमच्या पाण्यावर आहे, म्हणून प्रमाण ठोकून देत नाही. पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असतं. पिंपात भरून ठेवलंत तर काही आठवडे हा खटाटोप वाचतो, फक्त पिंपाला डासांची जाळी लावा.

पाणी सकाळी द्या, बुंध्याशी द्या, पानांवर नको. बोट दोन पेरं खुपसून पाहा. ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. खत म्हणून अमोनियम सल्फेट, लहान झाडाला महिन्यातून अर्धा छोटा चमचा, ओल्या मिश्रणावर. नायट्रेटची खतं या झाडाला मानवत नाहीत.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर तो रोग नव्हे. पीएच चढल्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याचा पीएच उतरवा, नवी पालवी हिरवी येते.

सातवी पायरी: मृगापासून हस्तापर्यंत

खरी परीक्षा इथे. आपल्या शहरात पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो आणि पश्चिमेच्या गॅलऱ्यांना अक्षरशः झोडपतो. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत तर वरच्या मजल्यांवर पाऊस आडवाच येतो म्हणा ना. घराला पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी असेल तर ७ जूनच्या आत झाडं तिकडे हलवा. गच्ची असेल तर चार बांबूंवर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर टाका, बाजू मोकळ्या ठेवा. वारा खेळला पाहिजे, पान वाळलं पाहिजे. चारही बाजूंनी प्लास्टिक लावलंत तर आत वाफारा धरतो आणि तांबेरा दुप्पट होतो. गच्चीवर काही उभारण्याआधी सोसायटीच्या कमिटीला विचारा, नंतर गळतीचं खापर ब्लूबेरीवर फुटायला नको.

आषाढाच्या संततधारेपेक्षा मला श्रावण जास्त धोक्याचा वाटतो. ऊन-पावसाच्या खेळात पानं दिवसातून चार वेळा ओली होतात आणि हवा उबदार असते. त्या महिन्यात दर दोन दिवसांनी पानं उलटून बघते. पूड दिसलेलं पान हळूच तोडून सरळ पिशवीत, पिशवीचं तोंड बांधून कचऱ्यात. कुंडीत पडू द्यायचं नाही, कंपोस्टमध्ये टाकायचं नाही. मात्र एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त पानं तोडू नका, झाडाला जेवायलाही काही उरलं पाहिजे.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मी जूनच्या सुरुवातीला मिश्रणात मिसळते. ते रोग येण्याआधीचं संरक्षण आहे, सडलेली मुळं त्यानं परत येत नाहीत. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण सुपारीला ठीक. त्यातला चुना पानांवरून ठिबकून कुंडीत उतरला की आपला पीएच चढतो, म्हणून इथे नको. बाकीच्या रासायनिक औषधांबद्दल माझा नियम साधा आहे. ज्या औषधाच्या लेबलवर या पिकाचं नाव नाही, ते मी नातवंडं हातानं तोडून खाणार त्या झाडावर मारत नाही. जात नीट निवडण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच.

छाटणी पावसात कधीच नाही. फळं एप्रिलमध्ये संपली की मेच्या पहिल्या आठवड्यात, कोरड्या दिवशी, सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटनं पुसून. त्या उन्हात जखमा चटकन सुकतात. एरवी फक्त फांदीमर दिसली तरच कापायचं, तेही वाट न पाहता. वाळलेल्या भागाच्या खाली वीतभर अंतरावर कापा आणि कापलेल्या तोंडाकडे बघा. फांदीच्या गोलात एका बाजूला कॉफीच्या डागासारखा तपकिरी पट्टा दिसेल. तो दिसतो तोवर आणखी खाली कापत जा. सगळा गोल मलईच्या रंगाचा, स्वच्छ दिसला की थांबा. प्रत्येक कापाआधी पातं पुन्हा पुसा.

झाड भर पाण्यातही मलूल दिसलं, पानांना अवेळी लाली चढली आणि वाढ थांबली तर कुंडी उलटी करून मुळं पाहा. निम्म्याहून जास्त काळी असतील तर ते झाड आणि ते मिश्रण दोन्ही टाकून द्या, कुंडी ब्लीचच्या पाण्यानं घासून उन्हात ठेवा. थोडीच काळी असतील तर ती कापून नव्या कोरडसर मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. माझी अशी दोन झाडं वाचली आहेत, तीन गेली.

आठवी पायरी: वही

परदेशातल्या चाचण्यांवरून जात निवडायला दिशा मिळते. पण कोपरीच्या पहिल्या मजल्यावरची हवा वेगळी आणि खारघरच्या टेकडीखालच्या गच्चीवरची वेगळी. म्हणून एक वही ठेवा. प्रत्येक झाडाच्या एकाच उंचीवरच्या दोन फांद्यांना रंगीत दोरा बांधा. १५ जूनला त्यांवरची पानं मोजा आणि मग दर पंधरवड्याला दोन आकडे लिहा, ठिपके असलेली पानं किती आणि झाडावर उरलेली पानं किती. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एमराल्डच्या दोन फांद्यांवर जूनमध्ये ६२ पानं होती, दसऱ्याला ५१ उरली. बिलॉक्सीची ५८ वरून २९. ज्वेलची ६० वरून १४. छताखाली नेलेल्या दुसऱ्या बिलॉक्सीची मात्र ५५ पैकी ४४ राहिली. म्हणजे नाजूक जातीला चांगली जागा दिली तर ती मजबूत जातीच्या जवळपास येते, हे मला या आकड्यांनी शिकवलं.

डिसेंबरात फुलं आली की भुंग्यांची वाट बघा. ब्लूबेरीचं फूल उलट्या घंटेसारखं असतं आणि पराग झटकायला त्याला गुंजन लागतं. काळे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या ते करतात. शेजारी तुळस, सब्जा फुलू दिलात तर त्या येतात. येत नसतील तर जुन्या इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू देठाला हलकेच टेकवा. फळं रंगायला लागली की जाळी लावा, बुलबुल तुमच्या आधी उठतो.

दोन पावसाळे वही भरली की कोणत्या झाडाची कलमं करायची ते आपोआप ठरतं. ज्याची पानं सगळ्यात जास्त टिकली, त्याच झाडाच्या निरोगी, कोवळ्या पण लवचीक फांद्या चार-पाच इंचांच्या घ्या, खालची पानं काढा आणि कोकोपीट-परलाइटमध्ये सावलीत लावा. मुळं फुटायला दोन महिने लागतात, त्याहून जास्तही. मागच्या वर्षी धरलेल्या आठांपैकी पाच जगली. त्यातलं एक समोरच्या विंगमधल्या काकांना दिलं. देताना कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून तिच्यावर खिळ्यानं ‘एमराल्ड’ कोरलं आणि तारेनं कुंडीच्या काठाला बांधलं. पेनानं लिहिलेलं नाव पहिल्या पावसातच धुऊन जातं.